फडकं फिरवण्याआधी

कोलाडच्या रेल्वे यार्डात ट्रक रेल्वेवर चढतात, हे दृश्य रोहा तालुक्याला नवं नाही. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी रो-रो सेवा सुरू केली, तेव्हापासून मालाने भरलेले ट्रक इथून सपाट वाघिणींवर बसून दक्षिणेकडे जातात. २३ ऑगस्ट २०२५ रोजी, गणपतीच्या तोंडावर, याच ठिकाणाहून खासगी मोटारींचीही गाडी सुटली. कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, एका खेपेला ४० मोटारींची सोय, मोटारीमागे भाडं ७,८७५ रुपये. गाडी सुटणार संध्याकाळी पाचला, मोटार घेऊन हजर व्हायचं दुपारी दोनला आणि मोटार वाघिणीवर चढली की माणसांनी डब्यात जाऊन बसायचं, असा नियम ठरला.

हाताशी असे दोन-तीन तास रिकामे असले की गाडीचा मालक काय करतो? फडकं काढतो. मुंबईपासून डॅशबोर्डवर साचत आलेली धूळ त्याला खुपत असते. गिअरभोवतीच्या काळ्या चकचकीत पट्टीवर तो कोरडं फडकं गोल गोल फिरवतो, पट्टी लखलखते आणि तिच्यावर केसाएवढ्या चऱ्यांचं आणखी एक जाळं उमटतं. त्या क्षणी ते कळत नाही. कळतं दुसऱ्या दिवशी सकाळी, वेर्ण्याला उतरल्यावर, खिडकीतून तिरपं ऊन आत आलं की.

शोरूमपासून गॅरेजपर्यंत या पट्टीला सगळे ‘पियानो ब्लॅक’ म्हणतात. नेक्सॉन, सेल्टॉस, एक्सयूव्ही ७०० अशा आपल्याकडच्या लोकप्रिय गाड्यांत ती कुठे ना कुठे असतेच: स्क्रीनच्या चौकटीला, एसीच्या बटणांभोवती, गिअरच्या खाली, दारावरच्या काचेच्या बटणांना. शोरूमच्या दिव्यांत ती राजेशाही दिसते. वापरात मात्र गाडीतली सगळ्यात नाजूक जागा तीच, आणि नेमकी तीच हाताखाली असते. गाडीला आकार देणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं म्हणावं, की त्यांच्या गाड्या दुसरंच कोणी पुसतं म्हणावं!

चरे काळ्यावरच इतके का दिसतात, याचं उत्तर प्रकाशात आहे. गुळगुळीत पृष्ठभाग पडलेला प्रकाश एकाच दिशेला परतवतो. बाकीच्या बाजूंनी बघणाऱ्याला नुसता काळा रंग दिसतो. चरा म्हणजे बारीक खाच. तिच्या कडांवर प्रकाश चारी दिशांना विखुरतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रेघ उमटते. राखाडी किंवा खडबडीत प्लॅस्टिकवरही तितकेच चरे पडतात, पण तिथे प्रकाश आधीच विखुरलेला असल्यामुळे ते गर्दीत हरवतात.

आता चरे पाडतं कोण, ते पाहू. बोट नव्हे, मायक्रोफायबर तर नव्हेच; पाडते ती धूळ. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्यात कोलाड येतं. या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि त्यानंतर किती वर्षं खडी, काँक्रीट आणि वळणरस्त्यांची धूळ खावी लागली, हे नागोठण्यापासून माणगावपर्यंत कोणीही सांगेल. खडी इथल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. त्यातली खनिजं कठीणतेच्या मोह्स मापनश्रेणीवर साधारण ५ ते ६ला बसतात, काँक्रीटच्या वाळूतलं क्वार्ट्झ ७ला. पियानो ब्लॅकचं प्लॅस्टिक, मग ते एबीएस असो की अ‍ॅक्रिलिकचं मिश्रण, या खनिजांपुढे फारच मऊ. फडक्याखाली असा एक कण सापडला की फडकं कितीही मऊ असलं तरी ते पॉलिश-पेपरचं काम करतं.

कोलाडला याला आणखी एक जोड आहे. मुळशी धरणाचं पाणी १९२७ साली सुरू झालेल्या भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरतं आणि सकाळी सोडलेल्या पाण्यावर नदीत राफ्टिंग चालतं. नदीवरून परतलेली मंडळी ओल्या अंगाने गाडीत बसतात, बोटांना रेती असते, हातातली किल्ली कन्सोलवर टाकली जाते. टोलसाठी लागणारी चिल्लर २०२१ साली फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून कन्सोलवर खुळखुळत नाही, हे खरं. पण तिची जागा मोबाईलने घेतली. घाटाच्या प्रत्येक वळणावर तो इकडून तिकडे घसरतो आणि त्याच्याखालची रेती त्याच्यासोबत.

उपायाला हात घालण्याआधी पट्टी नीट बघावी. गाडी नवी असेल तर आधी कोपऱ्यात नख घालून बघायचं: कारखान्यातून आलेली पारदर्शक फिल्म अजून चिकटलेलीच आहे की काय? असं होतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. चरे फिल्मवर असले तर ती सोलली की काम संपलं.

फिल्म नसेल तर गाडी सावलीत घ्यावी, इंजिन आणि एसी बंद करावं आणि मोबाईलचा टॉर्च पट्टीच्या जवळजवळ समांतर धरावा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसल्या तर ते पुसण्याचे चरे. पॉलिशने बहुतेक जातात. एखादीच सरळ, ठळक रेघ असेल तर तिच्यावरून नख आडवं फिरवावं. नख अडखळलं तर चरा खोल आहे. तो पॉलिशने काढायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा थर त्या खोलीपर्यंत झिजवायचा, आणि इतका थर बहुतेक पट्ट्यांवर नसतोच. अशा चऱ्याच्या कडा थोड्या गोलसर करून तो कमी दिसेल इतकं साधतं. त्यापुढे हट्ट धरू नये.

पहिली पायरी पुसण्याचीच, पण उलट्या क्रमाने: आधी धूळ उडवायची, मग ओलावा, मग फडकं. कॅमेऱ्याचं भिंग साफ करायचा रबरी फुगा किंवा मेकअपचा न वापरलेला मऊ ब्रश घेऊन बटणांच्या फटींतली धूळ बाहेर काढावी. नंतर पाण्यात कार शाम्पूचे दोन-चार थेंब टाकून मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून घट्ट पिळावं. पाणी थेट बटणांवर फवारू नये, आतल्या सर्किटपर्यंत जायला त्याला फट पुरते. फडकं चार घड्यांचं करावं, एका बाजूने एकदाच, सरळ रेघेत, दाब न देता ओढावं, मग घडी उलटावी. गोल फिरवायचं नाही. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग उठत असतील तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याने फिरवावा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावं. घासायचं नाही, टिपायचं.

फडक्याबद्दल दोन शब्द जास्तच हवेत, कारण निम्मं काम तेच करतं. पेट्रोल पंपावर आणि सिग्नलला मिळणारं पिवळं फडकं या पट्टीसाठी नाही. जुना बनियन, गमछा, ओला टिश्यू हेही नाहीत. ३०० ते ४०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचं), लांब तंतूचं मायक्रोफायबर घ्यावं, त्याचं लेबल कापून टाकावं आणि शिवलेली कडा घडीच्या आत राहील असं धरावं. चरे बरेचदा त्या कडेनेच पडतात. फडकं जमिनीवर पडलं की ते त्या दिवसापुरतं बाद. धुताना सुती कपड्यांसोबत टाकू नये, नाहीतर त्यांचे धागे त्यात अडकतात. कपडे मऊ करायचं कंडिशनरही घालू नये, कारण तंतूंवर त्याचा थर बसतो आणि फडकं धूळ उचलेनासं होतं.

इतकं केल्यावर पुष्कळदा असं लक्षात येतं की चरे वाटत होते त्यातले बरेच हाताच्या तेलाचे आणि चमकीसाठी लावलेल्या जुन्या ड्रेसिंगचे ओघळ होते. उरले ते खरे चरे. त्यांच्यासाठी पॉलिश.

पॉलिश म्हणजे अत्यंत बारीक कणांनी वरचा पातळ थर झिजवणं. चरा भरला जात नाही, त्याच्या भोवतीची पातळी खाली येते. म्हणूनच ते जपून आणि क्वचित करायचं काम आहे. बाहेरच्या पत्र्यावर वापरतात ते रबिंग कंपाउंड इथे आणू नये; ते भरड असतं. ‘फिनिशिंग पॉलिश’ किंवा पारदर्शक प्लॅस्टिकसाठी बनवलेलं पॉलिश मागावं. मेग्वायर्सचं ‘प्लास्ट-एक्स’ या दुसऱ्या प्रकारात येतं. थ्रीएम, मेंझर्ना यांचीही बारीक पॉलिश बाजारात आहेत. कोणतंही घेतलं तरी पहिला प्रयोग कन्सोलच्या खालच्या, सीटला लागून असलेल्या लपलेल्या कडेवर करावा.

त्या प्रयोगात फडक्याकडे बघायला विसरू नये. फडक्यावर काळा रंग उतरला तर प्लॅस्टिक आतपर्यंत काळंच आहे, किंवा वर नुसता काळा रंग आहे. फडकं स्वच्छ राहिलं तर बहुधा रंगावर पारदर्शक लाखेचा थर आहे आणि तोच झिजतो आहे. पहिल्या प्रकारात प्लॅस्टिक आतपर्यंत काळं असेल तरच थोडी सवलत असते, दुसऱ्यात लाख संपली की खालचा रंग उघडा पडतो आणि मग परत फिरण्याचा रस्ता नाही. कडा आणि कोपरे यांवर लाख सगळ्यात पातळ असते, म्हणून तिथे हात सगळ्यात हलका.

सुरुवात करण्याआधी आजूबाजूच्या खरखरीत प्लॅस्टिकवर, बटणांच्या फटींवर आणि क्रोमच्या कडेवर मास्किंग टेप लावावी. हा कंटाळवाणा भाग बहुतेक जण टाळतात आणि नंतर टूथब्रश घेऊन खरखरीत प्लॅस्टिकमध्ये सुकलेली पांढरी पावडर काढत बसतात. टेप लावायला लागणारा वेळ त्याहून नक्कीच कमी.

स्पंजच्या मऊ अ‍ॅप्लिकेटरवर मसुराच्या दाण्याएवढं पॉलिश घ्यावं आणि तळहाताएवढ्या तुकड्यावरच काम करावं. आधी उभ्या रेघा, मग आडव्या, एकमेकींवर थोड्या चढणाऱ्या. दाब बोटांच्या वजनाइतकाच. अर्धा-पाऊण मिनिट झालं की पॉलिश पातळ, तेलकट दिसू लागतं. सुकू न देता तेव्हाच स्वच्छ फडक्याने उचलावं आणि पुन्हा टॉर्च समांतर धरून बघावं. पहिल्या खेपेत चरे निम्म्यावर आले तर दुसरी खेप करावी. काहीच फरक पडला नाही तर जोर वाढवू नये. पॉलिश थोडं जास्त कापणारं हवं, किंवा चरा काढण्याच्या पलीकडचा आहे. मेमध्ये हे काम उन्हात उभ्या गाडीत करू नये, पट्टी तापलेली असते आणि पॉलिश लगेच सुकून बसतं. सकाळची वेळ बरी.

काही डिटेलिंगवाले छोटं, एक इंची पॅडचं मशीन वापरतात. हात बसलेला असेल तर त्याने चकाकी अधिक एकसारखी येते. पण एबीएस आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात आणि फिरत्या पॅडखाली एका जागी उष्णता फार लवकर साठते. मशीन सर्वांत कमी वेगावर, सतत सरकतं ठेवावं, आणि मधूनमधून बोटाची मागची बाजू पट्टीला लावून बघावी. चटका बसला म्हणजे आधीच उशीर झाला आहे.

टचस्क्रीनला आणि एसीच्या टच पॅनेलला यातलं काहीही लावू नये. स्क्रीनवर चमक कमी करणारा आणि बोटांचे ठसे रोखणारा पातळ लेप असू शकतो. पॉलिश त्यालाच आधी खातं, आणि मग मधोमध एक वेगळंच चमकणारं बेट तयार होतं.

आता घरगुती उपायांकडे. त्यांची कोकणात वाण नाही.

टूथपेस्ट सगळ्यात आधी सुचवली जाते. तिच्यात घासणारा पदार्थ असतोच: कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका. पण दातांसाठी ठरवलेली ती भरड, गाडीच्या पॉलिशसारखी हळूहळू बारीक होत जाणारी नाही. खोल चरा बुजल्यासारखा वाटतो तो भोवती धुकट पट्टा उठतो म्हणून. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचेवर तिचा थोडा गुण दिसतो, तो अनुभव लोक आत घेऊन येतात; तिथला पिवळटपणा आणि इथली काळी चकाकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

खोबरेल तेलाची गोष्ट जास्त गमतीची, कारण ते खरोखर चालतं. बोटभर तेल लावलं की जाळं गायब! जादू नाही यात. खाचेत हवा असते तेव्हा प्लॅस्टिक आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो. हवेचा अपवर्तनांक १, अ‍ॅक्रिलिकचा सुमारे १.४९, खोबरेल तेलाचा सुमारे १.४५. तेल खाचेत शिरलं की प्रकाशाच्या लेखी खाच जवळजवळ उरतच नाही. दुकानात ‘ग्लेझ’ किंवा ‘फिलर’ म्हणून मिळणारे लेप याच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच, की ते सुकतात आणि खोबरेल सुकत नाही. चिकट पट्टीवर महामार्गाची धूळ बसते, मालक ती पुसतो, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. गाडी विकायला गिऱ्हाईक दारात उभं असताना लोक हा उपाय करतात, असं म्हणतात. जुनी गाडी घेणाऱ्याने कन्सोलवरून बोट फिरवून बोटाला वास घ्यावा, इतकंच.

सॉल्व्हंटच्या बाबतीत मात्र गंमत नाही. रोहा तालुक्यातल्याच धाटावच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, थिनर आणि अ‍ॅसिटोन ही नावं या भागाला परकी नाहीत, आणि नेलपॉलिश काढायची बाटली घरोघरी असते. अ‍ॅसिटोन एबीएसला विरघळवतं. ज्या थेंबाने स्टिकरचा डिंक निघेल असं वाटतं, त्या थेंबाने पट्टीवर कायमचा पांढुरका खड्डा पडतो. हात धुवायचं सॅनिटायझर त्यामानाने सौम्य वाटतं, पण अल्कोहोलमुळे ताणाखाली असलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये कोळिष्टकासारख्या बारीक भेगा जाऊ शकतात; त्या पृष्ठभागापुरत्या नसून आत गेलेल्या असतात, म्हणून कोणत्याही पॉलिशने निघत नाहीत. कोविडच्या काळात पट्ट्या अशाच पुसल्या गेलेल्या पुष्कळ गाड्या अजून रस्त्यावर आहेत. हीट गनचे व्हिडिओही बघून सोडून द्यावेत. पांढऱ्या पडलेल्या खरखरीत बंपरवर ती युक्ती चालते, चकचकीत पट्टी तिने वाकते.

चरे निघाले की पट्टी उघडी ठेवण्यात अर्थ नाही. वॅक्स किंवा सीलंटचा हात मारला तर फडकं सरकायला सोपं जातं आणि बोटांचे ठसे लवकर निघतात. चरा मात्र त्याने अडत नाही. तो अडवते ती फिल्म. पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे बाजारातल्या भाषेत पीपीएफ, हा पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा, जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. या जातीच्या फिल्मचा उगम व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या पात्यांत आहे: उडत्या वाळूने पाती झिजू नयेत म्हणून १९६०च्या दशकात थ्रीएमने ती बनवली. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या उबेने आपोआप भरून येतात. मॉडेलनुसार कापून ठेवलेले कन्सोलचे संच मिळतात, आणि ज्याला चकाकीचा मोह उरला नसेल त्याने मॅट फिल्म घ्यावी. सतत धुळीतून ये-जा करणाऱ्या गाडीला खरं तर मॅटच शोभते.

फिल्म लावणं घरी जमतं, घाई नसेल तर. पट्टी धुऊन, तिच्यावर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर बेबी शाम्पूचं पातळ पाणी फवारायचं. इथे फवारावं लागतंच, म्हणून बटणांवर आधी टेप. फिल्म तरंगती ठेवून जागेवर आणायची आणि रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी काढायचं. आत अडकलेला एक धुळीचा कण कायमचा फोड होऊन दिसतो, म्हणून पंखा बंद, दारं बंद. कोलाडच्या पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की खालचं पाणी सुकायला वेळ लागतो. गणपतीला निघायचं असेल तर हे काम निदान आठवडाभर आधी उरकावं. सुरुवातीचे दोन दिवस कडा बोटाने दाबून बघाव्यात, उचलल्या असतील तर हलकी ऊब देऊन बसवाव्यात.

आणि नख अडखळवणारा तो खोल चरा? पुष्कळ गाड्यांत पियानो ब्लॅकचा तुकडा सुटा भाग म्हणून मिळतो. पूर्ण कन्सोल बदलावा लागेल असं कोणी सांगितलं तर पार्ट्सच्या काउंटरवर त्या तुकड्याचा स्वतंत्र पार्ट नंबर विचारावा. तो बहुधा क्लिपांवर बसलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला तर नवा ओरखडा शेजारच्या भागावर पडतो. प्लॅस्टिकच्या ट्रिम टूलने, क्लिपच्या अगदी जवळून, हळूच उचलावा, आणि थंडीच्या सकाळी नको, क्लिपा तेव्हा कडक असतात. स्टिअरिंगजवळचा किंवा एअरबॅगला लागून असलेला तुकडा मात्र स्वतः सोडवू नये, ते काम सर्व्हिस सेंटरला द्यावं. जुना तुकडा टाकून न देता ठेवावा: नवं पॉलिश किंवा मशीन आणलं तर पहिला हात त्याच्यावर फिरवून बघता येतो.